‘वारं गेलं’ म्हणण्याआधी: मधुमेह, हार्मोन आणि अर्धांगवायू



आपल्या कोल्हापूर भागात कुणाची एक बाजू लुळी पडली की लोक म्हणतात, ‘अंगावरनं वारं गेलं.’ कुणी ‘लकवा मारला’ म्हणतो. दवाखान्यात ‘पॅरालिसिस’ किंवा ‘स्ट्रोक’ हे शब्द कानावर पडतात आणि पुस्तकात ‘अर्धांगवायू’ किंवा ‘पक्षाघात’ असे लिहिलेले असते. ‘वारं’ काय आणि ‘वायू’ काय, या शब्दांत एक जुनी समजूत दडलेली आहे. काहीतरी बाहेरून आले, अचानक आले आणि माणसाला पाडून गेले, अशी ती समजूत. वाऱ्याला कोण अडवणार?

या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच: अर्धांगवायू एका क्षणात दिसतो, पण बहुतेक वेळा तो एका क्षणात येत नाही. ज्या घरात मधुमेह आहे त्या घराच्या वाटेवर तो कितीतरी वर्षे चालत असतो. म्हणून तीन वेळा आपल्या हातात काहीतरी असते. तो येण्याआधीची वर्षे, तो आल्यावरचे पहिले काही तास आणि त्यानंतरचे महिने. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

निमित्त वेगळे, कारण वेगळे

तत्त्वज्ञान शिकायला घेतले की ॲरिस्टॉटलने केलेला कारणांचा विचार सुरुवातीलाच येतो. त्यातून एक चांगली सवय लागते. घटनेच्या अगदी आधी जे घडले तेच तिचे कारण, असे आपण पटकन ठरवत नाही.

आजाऱ्यांच्या भेटीला जातो तेव्हा घरोघरी आम्ही ऐकतो, ‘बांधावरनं भांडण झालं, लई तापले आणि वारं गेलं.’ किंवा ‘थंड पाण्यानं आंघोळ केली, त्याचंच झालं.’ भांडण हे निमित्त असू शकते. पण ठिणगी पडून गंजी पेटते ती वाळलेली असते म्हणून. गंजी कशी वाळली, हा खरा प्रश्न आहे.

मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की तिच्यापुढचा मेंदूचा भाग उपाशी पडतो. यालाच स्ट्रोक म्हणतात. बहुतेक रुग्णांत नळी बंद झालेली असते, थोड्यांत ती फुटलेली असते. मधुमेह असलेल्या माणसाला गुठळीच्या स्ट्रोकचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. असे का, हे समजण्यासाठी हार्मोन समजून घ्यावे लागतात.

इन्सुलिन नावाचा निरोप

हार्मोन, म्हणजे मराठीत संप्रेरक, हा रक्तातून फिरणारा एक निरोप असतो. एका ग्रंथीने तो धाडायचा आणि दूरच्या अवयवाने तो ऐकायचा. इन्सुलिन हा पोटातल्या स्वादुपिंडाने धाडलेला निरोप: ‘रक्तात साखर आली आहे, दारे उघडा, ती आत घ्या.’

मोठ्या वयातल्या मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसते. उलट पुष्कळ असते, पण शरीर ते ऐकेनासे होते. स्वादुपिंड आणखी जोराने हाका मारते. काही वर्षांनी तेही थकते आणि मग रक्तातली साखर वर दिसू लागते. म्हणजे रिपोर्टवर ‘शुगर’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी बिघाड सुरू झालेला असतो.

त्या काळात रक्तनळ्यांचे काय होते? नळीच्या आत नाजूक अस्तर असते. गरजेप्रमाणे नळी सैल करणे आणि रक्त गोठू न देणे, ही त्याची कामे. सतत जास्त साखर आणि न ऐकला जाणारा इन्सुलिनचा निरोप यांमुळे हे अस्तर खराब होते. त्याखाली चरबी साचते. रक्तातल्या गोठवणाऱ्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, जास्त चिकट होतात. जास्त झालेले इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते आणि बीपी वाढण्यास हातभार लावते. म्हणून मधुमेह हा केवळ साखरेचा आजार नाही, तो रक्तनळ्यांचाही आजार आहे. डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय आणि मेंदू या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो तो यामुळेच.

आणखी एक भीती इथेच दूर करू. ‘इन्सुलिनची सुई लागली म्हणजे शेवट जवळ आला,’ असे पुष्कळजण मानतात. १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना इन्सुलिन वेगळे काढण्यात यश आले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्याआधी लहान वयात होणाऱ्या मधुमेहातून मूल वाचत नसे. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, म्हणूनच जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. इन्सुलिन हे जगवणारे औषध आहे. ते सुरू करायला घाबरून जी वर्षे वाया जातात, ती रक्तनळ्यांना सोसावी लागतात.

‘मी सडपातळ आहे, मला कशाला तपासणी?’

या प्रश्नाचे उत्तर आपल्या जवळच, पुणे जिल्ह्यातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हलकी होती, त्यांचे स्नायू कमी होते; पण त्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी टिकून होती. जन्मतःच नाळेच्या रक्तातले इन्सुलिनही त्या मानाने जास्त आढळले. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त!

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी आपला आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण तपासणीत शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

पोटातली ही चरबी नुसती साठून राहत नाही. तीही हार्मोनसारखे निरोप धाडते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका, टेपही घ्या. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर तो इशारा समजावा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ ६.५ किंवा त्याहून जास्त, हा मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहूनही जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

बाकीचे हार्मोन

इन्सुलिनच्या बरोबर आणखी काही हार्मोन या गोष्टीत येतात.

ताणाचे हार्मोन, म्हणजे ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल, साखर आणि बीपी दोन्ही वाढवतात. भांडणाचे ‘निमित्त’ इथे लागू पडते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या कॉर्टिसॉलच्याच जातीच्या असतात. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंदही करू नयेत.

थायरॉइड जास्त चालले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. तसे झाल्यास हृदयात गुठळी तयार होऊन ती मेंदूत जाऊ शकते. थायरॉइड कमी चालले तर कोलेस्टेरॉल वाढते.

स्त्रियांत मासिक पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि रक्तनळ्यांचे आजार वाढू लागतात. मग बाहेरून हार्मोन दिले तर? अमेरिकेत १६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००२ साली याचे उत्तर दिले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्ट्रोक कमी झाले नाहीत, उलट दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ८ जास्त झाले. म्हणून अशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. ज्या भगिनींना गरोदरपणात शुगर निघाली होती, त्यांनी बाळंतपणानंतर ‘गेली’ म्हणून विसरू नये. त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. आपल्या घरांत सर्वांच्या गोळ्या आईच्या लक्षात असतात, पण आईची तपासणी कुणाच्याच लक्षात नसते!

येण्याआधीची वर्षे

मधुमेही माणसाला स्ट्रोकपासून वाचवण्यासाठी साखरेइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व बीपीला आहे. ब्रिटनमध्ये मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या ११४८ रुग्णांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाचे सरासरी बीपी १५४/८७ राहिले, दुसऱ्याचे १४४/८२. फरक फक्त दहा आकड्यांचा. पण दुसऱ्या गटात स्ट्रोक ४४ टक्क्यांनी कमी झाले. ‘थोडंच वाढलंय’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आज मधुमेहींचे बीपी साधारण १३०/८० च्या खाली ठेवावे असे सांगितले जाते. बीपीची गोळी चालू असताना आकडा बरोबर येतो तो गोळीमुळे. आकडा बरोबर आला म्हणून गोळी बंद करणे म्हणजे पाऊस लागत नाही म्हणून भर पावसात छत्री मिटणे होय.

आता आपल्या जेवणाकडे पाहू. आपला गूळ सगळीकडे नावाजलेला आहे, पण मधुमेह्याच्या रक्तात गूळ आणि साखर यांत फारसा फरक राहत नाही. ‘सेंद्रिय आहे, चालतो’ ही स्वतःची फसवणूक आहे. उसाच्या रसाचेही तेच. तांबड्या रश्श्यातली किंवा मिसळीवरची तर्री, पापड, लोणचे, फरसाण यांतून तेल आणि मीठ किती जाते ते पाहा. दिवसाचे सारे मीठ मिळून एका लहान चमच्याएवढे, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावे. तंबाखू तर पूर्ण सोडावी. यात मशेरीही आली. ‘दात घासायला लावते’ म्हटल्याने ती औषध होत नाही. रंकाळ्यावर फिरायला जाता आले तर उत्तमच, नाही तर घराजवळ रोज अर्धा तास भराभर चालावे.

आल्यावरचे तास

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ओळखायच्या तीन खुणा घरातल्या लहान मुलांनाही शिकवा.

चेहरा: हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
हात: दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली पडतो का?
बोलणे: एक वाक्य बोलायला सांगा. जीभ जड होते का, शब्द अडतात का?

यांतली एकही खूण अचानक दिसली तर घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. एकाएकी दिसेनासे होणे, तोल जाणे, कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी, याही खुणाच आहेत. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी जा. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

घाई कशासाठी? मोठी नळी बंद पडली की दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत त्यानंतरही, २४ तासांपर्यंत, नळीतून गुठळी ओढून काढता येते. पण जेवढा उशीर तेवढे नुकसान. हे तास लक्षणे सुरू झाल्यापासून मोजले जातात, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून येणाऱ्यांचा मोठा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून ‘सकाळी बघू’ हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार झाले पाहिजे.

घरी ॲस्पिरिन देऊ नका. नळी बंद आहे की फुटली, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही आणि फुटलेली असेल तर ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढेल. तोंडात पाणी, चहा, काढा काही घालू नका, गिळता न आल्यास ते फुप्फुसात जाते. कबुतराचे रक्त चोळणे, डाग देणे, झाडपाल्याच्या औषधासाठी दूरच्या गावी नेणे, यांत सोन्यासारखे तास जातात.

घरात ग्लुकोमीटर असेल तर १०८ ला फोन केल्यावर साखर तपासा. साखर फार खाली गेली, तरीही माणूस अडखळत बोलतो, त्याची एक बाजू ढिली पडते, म्हणजे हुबेहूब स्ट्रोकसारखे दिसते. दवाखान्यातही ही तपासणी आधी होते ती त्यामुळेच.

उलट खऱ्या स्ट्रोकमध्ये ताणाचे हार्मोन उसळतात आणि साखर वर जाते. कधी मधुमेह नसलेल्याचीही जाते. वाढलेली साखर जखमी मेंदूला आणखी त्रास देते, म्हणून डॉक्टर ती खाली आणतात. पण फार खाली नाही. अमेरिकेत ११५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखर अगदी काटेकोरपणे उतरवून जास्त फायदा दिसला नाही, उलट ती धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकार झाले. तेव्हा ‘शुगर अजून दीडशे आहे, डॉक्टर काही करत नाहीत’ म्हणून नातेवाइकांनी वाद घालू नये.

आणखी एक विनंती. अशा वेळी अनेक घरांतून पहिला फोन आम्हाला येतो. तुमचा विश्वास आम्ही जाणतो. रात्री कितीही वाजता बोलवा, आम्ही येऊ. पण आधी १०८, मग आम्ही. आजाऱ्यासाठीचा संस्कार आम्ही सीपीआरमध्ये, जुन्या माणसांच्या ‘थोरल्या दवाखान्यात’ही, देऊ शकतो. रुग्णवाहिकेने आमची वाट पाहू नये.

नंतरचे महिने

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी सरावाने त्यांचे काम शिकतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, नंतरही ती सावकाश चालू राहते. म्हणून फिजिओथेरपी रोज हवी. नुसते तेल चोळून हात शिकत नाही. हाताने काम केल्यावर तो शिकतो.

मधुमेही रुग्णाची वाट जास्त खडतर असते. त्याचा खांदा लवकर आखडतो, म्हणून लुळ्या हाताला धरून त्याला कधीही ओढून उठवू नका. पायांची जाणीव आधीच कमी झालेली असते. फोड आलेला कळत नाही, गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले कळत नाही. रोज संध्याकाळी तळवे पाहा.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. स्ट्रोकनंतर माणूस कमी जेवतो, पण गोळ्या आणि इन्सुलिन पूर्वीइतकेच चालू राहिले तर साखर एकदम खाली जाते. ज्याची वाचा गेली आहे तो ‘मला घाम येतोय, गरगरतंय’ हे कसे सांगणार? घरचे म्हणतात, ‘झोपलाय, झोपू द्या.’ अशा वेळी झोप समजू नका, साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. औषधाचे प्रमाण बदलायला हवे का, हेही डॉक्टरांना विचारा.

रुग्ण उगाच रडतो, चिडतो, व्यायाम नको म्हणतो. तो हट्टीपणा असेलच असे नाही. स्ट्रोकनंतर नैराश्य बऱ्याच रुग्णांना येते आणि त्यावर उपचार आहेत. त्याच्याशी बोला. तो उत्तर देऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासमोर त्याच्याविषयी परक्यासारखे बोलू नका. त्याला कळत असू शकते.

उपवास आणि मिस्सा

काही वडीलधारी मंडळी इन्सुलिन टोचून, काही न खाता सकाळच्या मिस्सेला येतात. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही न खाण्याचा नियम वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना बंधनकारक नाही. औषध आणि पाणी तर कुणालाही चालते. राखेच्या बुधवारचा आणि उत्तम शुक्रवारचा उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात प्रवेश होईपर्यंतच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजाऱ्याला त्यातून सूट आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवणे हे प्रायश्चित्त नाही, तो धोका आहे. उपवासाऐवजी मशेरी किंवा तंबाखू सोडावी. ते प्रायश्चित्तही होईल आणि औषधही.

या आठवड्यात करण्यासारखे

घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचे बीपी आणि साखर तपासून घ्या, आईपासून सुरुवात करा. चेहरा, हात, बोलणे या खुणा जेवताना एकदा सर्वांनी म्हणून पाहा. सीटी स्कॅनची सोय रात्रीही चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते, ते आजच विचारून ठेवा. चालू गोळ्यांची नावे, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एकाच पिशवीत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करता येते. पण कागद सापडत नाहीत म्हणून घरातून निघायला एक मिनिटही थांबू नका.

ज्यांच्या घरी स्ट्रोकनंतरचा रुग्ण आहे, त्यांच्याकडे शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तासभर जावे. रुग्णाला सोबत मिळेल आणि त्याची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला तेवढा तास बाहेर पडता येईल, स्वतःचे बीपी तपासून घ्यायलासुद्धा.

आपला,
धर्मगुरू